निळाई झोपते कधी

दूधवाला पाणी घालतो, याबद्दल शाईकाकांच्या मनात कधीच शंका नव्हती. तो दारात उभा असतानाच ते भांड्यात बोट बुडवत, एक थेंब नखावर घेत आणि उजेडाकडे धरून पाहत. दूध निळसर दिसे. निळसर दूध म्हणजे पातळ दूध. "बघ," ते बायकोला म्हणत, "आजही." काकू भांडं उचलून आत नेत. काकांचं नखच मुळात निळं होतं, त्यावर कुठलंही दूध निळसरच दिसणार होतं, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगून पाहिलं होतं. त्यावर काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं होतं, जणू काकू आणि दूधवाला यांचं आधीच काहीतरी ठरलेलं असावं. तेव्हापासून काकूंनी तो विषय सोडून दिला होता.

काका रंगारी होते. फक्त निळीचे. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, नखांच्या कडा जवळजवळ काळ्या. गल्लीतल्या पोरांना वाटे, हा माणूस रोज दौत सांडतो. म्हणून शाईकाका. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली, आणि देवळात, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चमध्ये, नवे पाळक आले तेव्हा त्यांनाही हेच नाव सांगितलं गेलं. पहिल्या रविवारी पाळकांनी काकांशी हात मिळवला आणि नंतर हळूच स्वतःचा तळवा पाहिला. काकांनी ते टिपलं. घरी येताना म्हणाले, "या माणसाच्या मनात काय आहे ते कळत नाही."

"हात निळा झाला का ते पाहत असतील," काकू म्हणाल्या.

"तेवढंच असेल कशावरून?"

घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली रंगशाळा होती. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं एक मोठं पिंप, त्यावर लाकडी झाकण, शेजारी पाण्याची टाकी आणि त्यापलीकडे अंगणभर बांधलेल्या दोऱ्या. पिंपातलं पाणी निळं नसे. ते हिरवट पिवळं, थोडं कुजकट वासाचं, आणि वर तांब्याच्या झाकेचा फेस. कापड त्यात बुडवून पाण्याखालीच हळूहळू फिरवायचं. वर घाईने खेचलं की हवा शिरते आणि डाग पडतात. पुरेसं मुरलं की बाहेर काढायचं. बाहेर येताना ते कोवळ्या पानासारखं पोपटी असे, आणि मग वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जाई. कडेपासून आत. मग पुन्हा बुडी, पुन्हा वारा. ओल्या कापडाचा रंग खोटा असतो, तो नेहमी गडद दिसतो. खरं काय ते वाळल्यावर कळतं.

या शेवटच्या गोष्टीमुळे काकांना हा धंदा मनापासून पटला होता. वाळेपर्यंत कशावर विश्वास ठेवायचा नाही.

ते तरुणपणी इथे आले तेव्हा रंगशाळा काकूंच्या वडिलांची होती. म्हातारा बोलायला कमी, गायला जास्त. गळा काही खास नव्हता, पण हात पाण्यात गेला की तोंड सुरू. त्याने या एकट्या, हडकुळ्या पोराला ठेवून घेतलं, काम शिकवलं, आणि काही वर्षांनी स्वतःहून विचारलं, "माझी मुलगी करशील का?" दुसरा कोणी असता तर आनंदाने हो म्हणाला असता. काकांनी विचारलं, "एवढी चांगली मुलगी मला का देताय?" म्हातारा इतका हसला की त्याला पिंपाच्या झाकणावर बसावं लागलं. आत काकूंनी ते ऐकलं होतं. पुढे कधी भांडण झालं की त्या म्हणत, "अजून शोधताय का, काय खोट आहे ते?" आणि काका काही बोलत नसत, कारण अधूनमधून ते खरंच शोधत असत.

म्हातारा गेल्यावर रंगशाळा काकांकडे आली आणि तिच्यासोबत आला मेहुणा. काकूंचा धाकटा भाऊ. काकांची मुलगी त्याला मामा म्हणायची, ती लग्न होऊन दूर गेली तरी नाव मागे राहिलं आणि तो सगळ्या गल्लीचा मामा झाला. लग्न केलं नाही, घाई कधी केली नाही. पिंपात नीळ, चुना आणि गूळ किती घालायचा, पाणी कोमट आहे की नाही, ते ढवळायचं कधी आणि निवांत ठेवायचं कधी, हे मामाचं काम. बुड्या द्यायचं काम काकांचं. पिळून दोरीवर घालायचं काम काकूंचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि कापडदुकानदार डोळे झाकून तागे पाठवत होता.

काकांचा अविश्वास दूधवाल्यापाशी थांबत नसे. पण कवितेवरचा त्यांचा अविश्वास सर्वांत जुना होता. जे सरळ सांगता येतं ते कोणी वळसे घालून सांगत असेल, तर मधे काहीतरी दडवलेलं असणार. लग्नपत्रिकेवरच्या चार ओळी असोत नाहीतर साबणाच्या वेष्टनावरच्या, ते वाचून उलटून पाहत. मागे काही लिहिलंय का.

देवळात तर फार दिवसांपासून त्यांना एक गोष्ट खुपत होती. उपासना सुरू होताना एक जुनं गीत म्हटलं जाई. कोणी रचलं ते कोणालाच माहीत नव्हतं. बाप्तिस्म्याचं असावं असं सगळे धरून चालत, कारण त्यात पाणी होतं. चार कडवी, प्रत्येक कडवं दोनदा, आणि शेवटचे दोन शब्द पुन्हा पुन्हा घोळवून:

उतरतो खोल । धरून विश्वास । थांबू दे हा श्वास । क्षणभरी ॥
नको घाई देवा । नको ओढू वर । मुरू दे अंतर । पाण्यामाजी ॥
काळोखाचा तळ । लागू दे पायाला । येऊ दे घ्यायाला । हात तुझा ॥
वर येता वारा । अंगाला लागेल । निळाई जागेल । तुझ्या कृपे ॥

उपासना लांबते, अशी कुरकुर होती. लहान मुलं रडायला लागतात, म्हाताऱ्यांचे पाय दुखतात. पाळकांनी मंडळीची सभा बोलावली. ते तरुण होते, कोणाला दुखवायला नको म्हणून प्रत्येक वाक्याच्या आधी थोडे थांबत. कुठून काय कमी करता येईल, एवढंच त्यांनी विचारलं.

काका मंडळीच्या वडीलधाऱ्या पंचांपैकी एक. ते उभे राहिले.

"मी या गीताचा अर्थ लावून पाहिला," ते म्हणाले. "सगळं मिळून म्हणणं एवढंच, की देवा, आम्हाला शुद्ध कर आणि सांभाळ. हे एका ओळीत मावतं. मग चार कडवी कशाला? तेही दोनदोनदा. देवाला पहिल्यांदा ऐकू येत नाही का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. काकांना जोर आला.

"आणि हे शेवटचं. निळाई जागेल. म्हणजे काय होईल? निळाई झोपते कधी? आकाशाबद्दल असेल तर आकाश म्हणा ना. हे असं अर्धवट बोलणं माणसामाणसांत मी चालवून घेत नाही, देवासमोर कसं चालवायचं?"

पाळक काहीतरी बोलणार होते, पण थोडे थांबण्याची त्यांची सवय नडली आणि तेवढ्यात हात वर झाले. गीताऐवजी एक ओळ. ती म्हणायची जबाबदारी काकांचीच. मामाने हात वर केला नाही. त्याचं मत काय आहे म्हणून काकांनी रागाने वळून पाहिलं, तर तो झोपला होता.

काकूंनी हात वर केला की नाही ते काकांना दिसलं नव्हतं. घरी येताना त्यांनी दोन वेळा विचारलं. काकू म्हणाल्या, "बाबा म्हणायचे ते गाणं." एवढंच. हे उत्तर नव्हतं, असं काकांना वाटलं.

सोमवारी सकाळी पिंपात पहिला तागा बुडवल्यावर काकांच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. उतरतो खोल. ते दचकून थांबले. हे कधीपासून? आपण तर गाणाऱ्यांतले नाही. सासऱ्याचं ऐकून ऐकून जिभेला लागलं असेल. पण काल सभेत उभं राहून जे बंद पाडलं तेच आज तोंडात, हे कोणी ऐकलं तर काय म्हणेल? कुंपणापलीकडे कोणी आहे का, ते त्यांनी वाकून पाहिलं. मग स्वतःशी ठरवल्यासारखं, स्वच्छ आवाजात म्हणाले, "हे देवा, आम्हाला शुद्ध कर आणि सांभाळ. आमेन." आणि कापड वर काढलं. वारा लागला, पुन्हा बुडवलं, पुन्हा तीच ओळ. काम भराभर होऊ लागलं. स्वयंपाकघरात काकूंची पंचाईत झाली. तिसरं कडवं लागलं की चहाचं आधण ठेवायचं, असं त्यांचं बिनघड्याळाचं गणित होतं. आता चहा व्हायच्या आत काका हात पुसून दारात उभे.

"आज लवकर?"

"वेळ फुकट घालवायची सवय गेली," काका म्हणाले.

तागे वाळले आणि फिके निघाले. फिकेही एकसारखे नाहीत. कुठे ढगासारखे, कुठे धुऊन विटलेल्या चादरीसारखे. दुकानदाराने माणसाबरोबर परत पाठवले आणि निरोप दिला, की काकांची तब्येत बरी आहे ना.

तब्येतीचा उल्लेख काकांना मुळीच आवडला नाही. त्यांनी शोध सुरू केला. आधी निळीचा व्यापारी. त्याच्याकडून आणलेली वडी त्यांनी फोडली, चाखली, पाण्यात घोळवली. वडी चांगली होती, त्यामुळे व्यापारी फारच हुशार असावा असं ठरलं. दुसऱ्याकडून माल आणला. रंग तसाच. मग नळाचं पाणी. मग चुना. मग पिंपाला चीर गेली असेल म्हणून अख्खं पिंप उपसलं, आणि मामाने ते पुन्हा जमवेपर्यंत काम बंद. त्याच काळात पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या रंगाऱ्याच्या दारात मामा चहा पिताना काकांना दिसला. बशीतून, पाय पसरून, अगदी घरच्यासारखा.

त्या संध्याकाळी काकांनी निळीच्या पेटीला कुलूप आणलं.

"चोर आलेत का गल्लीत?" मामाने विचारलं.

"गल्लीतलेच कशाला हवेत?"

मामाला ते लागलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. तो म्हणाला, "भाऊजी, किल्ली जपून ठेवा. मागे चष्मा असाच जपून ठेवला होतात, तो अजून सापडायचाय."

आता रोज सकाळी काका स्वतः नीळ काढून देत आणि मामा ती पिंपात घालेपर्यंत शेजारी उभे राहत. मामा ढवळू लागला की त्याच्या बाह्यांकडे पाहत. तरी रंग फिका. म्हणजे हा माणूस डोळ्यांदेखत काहीतरी करतोय आणि आपल्याला दिसत नाही. रात्री जेवताना ते त्याच्या हातांकडे बघत राहत. काकू दोघांच्या मधे पातेलं आणून ठेवत.

मग काकांना ताप आला. दोन दिवस ते आतल्या खोलीत पडून होते. दुकानदाराचा थोडाच माल होता, तो मामाने एकट्याने केला. तापातून उठून काका अंगणात आले, तर दोरीवर कापड वाळत होतं. त्यांनी जवळ जाऊन कड चुरगाळली, उजेडाकडे धरली, उलटी बाजू पाहिली. खोल, एकसंध, जुन्या दिवसांचा निळा.

दुसरा कोणी सुटलो म्हणाला असता. काकांनी हिशेब मांडला. मी नसताना रंग येतो. मी असताना येत नाही. याहून उघड पुरावा काय हवा?

ते तसेच आत गेले. मामा हात धूत होता.

"मी समोर असलो की पिंप बिघडवायचं आणि मी पडलो की नीट करून दाखवायचं. दुकानदाराला कळावं, की म्हातारा संपला. असंच ना? कोणी शिकवलं? त्या चहा पाजणाऱ्या रंगाऱ्याने?"

मामाने नळ बंद केला. "भाऊजी, ताप उतरलाय का नक्की?"

"शनिवारपर्यंत तुझं सामान उचल."

या वेळी मामाने विनोद केला नाही. हात पुसले, टॉवेल खुंटीला लावला आणि बाहेर गेला. दारात काकू उभ्या होत्या.

"तो गेला तर मी पण जाईन," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "लेकीकडे जाईन. तुम्ही बसा कुलपाची राखण करत."

"तू त्याचीच बाजू घेणार. तुझा भाऊ."

"माझा भाऊ आहे म्हणून नाही. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसतंय म्हणून. त्याच्यानंतर माझाच नंबर आहे."

त्या गेल्यावर काकांनी पेटीचं कुलूप ओढून पाहिलं. नंबर आहे हे त्यांना नाकारता येईना. सकाळीच त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, की पिळताना ही जास्त पाणी तर घालत नसेल.

आणि रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत एकच भाकरी मोडून सगळ्यांनी खायचा विधी. भाकरीचं तबक मंडळीत फिरवायचं काम काकांकडे. तबक हातात घेण्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी मिटवून यायचं, हा नियम त्यांनीच कित्येकांना ऐकवला होता. एकदा एकाला तर दारातून परत पाठवलं होतं. आता मिटवायचं तर आधी खरं काय ते कळलं पाहिजे, आणि चोराशी समेट करायला ते तयार नव्हते. तबक न घेता बाकावर बसून राहिलो तर सगळे पाहणार. घरी परतल्यावर घरात कोणी नसणार.

शनिवारी दुपारी त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला, पाळकांकडे जाऊन येतो असं मोठ्याने सांगितलं, पुढच्या दाराने निघाले आणि बोळातून वळसा घालून मागच्या अंगणात शिरले. दोऱ्यांवर सकाळची कापडं लटकत होती, अजून ओली. त्यांच्या आड ते उभे राहिले. पत्र्याखाली मामा शेवटचा तागा घेऊन बसला होता. त्याचं सामान, म्हणजे एक पिशवी आणि गुंडाळलेलं अंथरूण, दाराशी ठेवलेलं होतं. आता कळेल, काका मनात म्हणाले. जाता जाता तरी हा काहीतरी पिंपात टाकेल.

मामाने पिंपात काहीच टाकलं नाही. झाकण सरकवलं, फेस बाजूला केला, कापड खाली सोडलं, आणि गायला लागला. अगदी बेसूर. जांभई देत असल्यासारखं. उतरतो खोल, धरून विश्वास. त्याचे हात शब्दांच्या मागे मागे जात होते. एका ओळीला कापडाची एक घडी पाण्याखाली उलगडायची, दुसऱ्या ओळीला दुसरी. नको घाई देवा. बुडबुडा उठत नव्हता. कडवं दुसऱ्यांदा सुरू झालं. काका वाट पाहू लागले, की आता काढेल. आता. मामा तिसऱ्या कडव्यात गेला. काळोखाचा तळ. तोही दोनदा.

येऊ दे घ्यायाला, हात तुझा, असं मामा म्हणाला, आणि काकांचे दोन्ही हात कापडामागे आपोआप वर उचलले गेले.

त्यांनी हातांकडे पाहिलं. हातात काही नव्हतं. त्याच क्षणी मामाने तागा वर काढला होता, पोपटी, निथळणारा, आणि चौथं कडवं म्हणत तो तसाच धरून उभा होता. वर येता वारा अंगाला लागेल. कापडाची कड निळी झाली. मग निळाई आत सरकू लागली, झोपेतून कूस बदलत यावी तशी, आणि गाणं संपलं तेव्हा सगळं कापड जागं होतं.

काकांनी हे आयुष्यभर रोज पाहिलं होतं. याच कापडासमोर उभं राहून ते याच ओळी म्हणत आले होते. आणि भर सभेत त्यांनी विचारलं होतं, निळाई झोपते कधी.

ही ओळ रंगाऱ्याची होती. देवळात कधी गेली कोण जाणे.

वाऱ्याने ओलं कापड त्यांच्या अंगावर आलं आणि चिकटलं.

"शर्ट गेला भाऊजी," मामा वळून न पाहताच म्हणाला.

काका कापड बाजूला करून पुढे आले. पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खाली निळा पट्टा उतरला होता. "तुला माहीत होतं मी इथे आहे?"

"पाळकांकडे जाणारा माणूस आपल्याच अंगणात बूट वाजवत शिरला तर कळतं हो."

"मग मुद्दाम मोठ्याने म्हणत होतास?"

"मनात म्हटलं की मला झोप लागते."

काकांनी बाह्या सरसावल्या, तागा त्याच्या हातातून घेतला, पिंपाशी बसले आणि बुडवला. आणि सवयीने, स्वच्छ आवाजात म्हणाले, "हे देवा, आम्हाला शुद्ध कर आणि सांभाळ. आमेन." हात वर येऊ लागले.

मामा पाहतच राहिला. "एवढ्यात?"

काकांचे हात तसेच थांबले. कापड पाण्याबाहेर अर्धवट आलेलं होतं.

"भाऊजी, तुम्ही इतके दिवस एवढ्यात काढताय?" मामाने विचारलं, आणि मग तो झाकणावर बसला, आणि त्याच्या वडिलांसारखाच हसला. खांदे हलवत, धाप लागेपर्यंत, डोळे पुसत. अंगणात काहीतरी झालं असं वाटून काकू धावत बाहेर आल्या. दोघांकडे पाहून दारातच थांबल्या.

"घड्याळ लावून करता येईल," काका कुणाकडेही न पाहता म्हणाले. "गाण्याचंच काही आहे असं नाही. वेळेचं आहे."

"लावा की," काकू म्हणाल्या.

त्यांनी खरंच लावलं. मामाचं मनगटी घड्याळ फळीवर ठेवून पुढचं कापड केलं. काट्याकडे बघायचं म्हणून मान वर, मान वर म्हणून हात अडखळले, पाण्यात बुडबुडे उठले आणि वाळायच्या आधीच डाग दिसले. मग त्यांनी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. किती वेळा झाली ते विसरले. शिवाय आमेन आलं की हात दर वेळी उचलायला बघत. त्यानंतर ते नुसतेच बसून राहिले. मामा मधे बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. अखेर काकांनी खाकरून, जणू परक्याचे कपडे घालत असल्यासारखं, हळू आवाजात सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज त्यांचा झाला होता. नको ओढू वर. मुरू दे अंतर. हे आपण देवाला सांगतोय, का देव आपल्याला, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो तपासायला ठेवला, नंतर बघू म्हणून.

तिसरं कडवं लागलं तसं स्वयंपाकघरात आधणाचं भांडं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

चहा झाल्यावर काकांनी खिशातून निळीच्या पेटीची किल्ली काढली आणि मामाच्या बशीशेजारी ठेवली. चुकलो वगैरे ते म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडात तो शब्द कोणी कधी ऐकलेला नव्हता आणि त्या दिवशीही कोणी वाट पाहिली नाही.

"किती दिवसांसाठी?" मामाने विचारलं. "शनिवारपर्यंत?"

"सामान आत ने," काका म्हणाले. "दारात अडखळायला होतं."

मामाने अंथरूण उचललं. तो पाठमोरा झाल्यावर काकांनी पेटीचं झाकण उघडून आतल्या वड्या एकदा पाहून घेतल्या. काकूंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

रविवारी मंडळी जमली. काका पुढे जाऊन उभे राहिले. निळा पट्टा उमटलेला तोच शर्ट होता, दुसरा वाळला नव्हता. ठरल्याप्रमाणे त्यांनी ती एक ओळ म्हटली. हे देवा, आम्हाला शुद्ध कर आणि सांभाळ. आणि आमेन म्हटलं नाही.

लोक थांबले. काका डोळे मिटून उभे होते. त्यांचे निळे हात समोरच्या कठड्यावर होते आणि ते अगदी सावकाश हलत होते, पाण्याखाली काहीतरी उलगडत असल्यासारखे. एक मूल रडायला लागलं. पाळकांनी वर पाहिलं, काहीतरी बोलावं की नाही म्हणून थांबले, आणि थांबलेच. मागच्या बाकावर मामाने एक डोळा उघडला. मग तिथूनच, बसल्या बसल्या, त्याच्या त्या बेसूर आवाजात त्याने दुसरं कडवं उचललं. काकूंनी त्यात आवाज मिसळला. मग आणखी कोणी. तिसऱ्या कडव्याला अर्धी मंडळी म्हणत होती, उरलेली एकमेकांकडे पाहत होती. हे सभेत ठरलेलं नव्हतं. पण मधेच कसं तोडायचं हेही ठरलेलं नव्हतं. चौथं कडवं संपलं तेव्हा काकांनी आमेन म्हटलं.

त्यानंतर त्यांनी भाकरीचं तबक घेतलं. मामापर्यंत आल्यावर तबक जरा वेळ तिथेच राहिलं. "घ्या की पुढे," मामा हळूच म्हणाला, "लोकांना भूक लागलीय."

घरी येताना काका पुढे पुढे चालत होते. मग कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "पाळक काही बोलले नाहीत. सभेत ठरलेलं मोडलं, तरी गप्प. त्यांच्या मनात काय असेल?"

"अहो, तेही म्हणत होते," काकू म्हणाल्या. "तुमचे डोळे मिटलेले होते."

"म्हणत होते?"

"चारही कडवी. न बघता."

काका चार पावलं चालले आणि पुन्हा थांबले.

"मग सभेत का नाही बोलले?"